चादरीचं दुसरं टोक

घरची चादर एकट्याने घडी घालता येते. पलंगावर पसरा, हनुवटीखाली धरा, कशीही घाला, विचारतंय कोण! लॉन्ड्रीतली चादर निराळी. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या त्या लांबरुंद चादरी तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन बाहेर येतात, तेव्हा चादरीला कोपरे चार आणि माणसाला हात दोन. म्हणून घडीच्या टेबलापाशी बायका जोडीने उभ्या असतात, एक इकडे, एक तिकडे. कोपरे चिमटीत धरायचे, एक झटका द्यायचा, चादर हवेने फुगली की ती खाली बसायच्या आत पुढे चालत यायचं, आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे आणि वाकून मधली घडी उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शिफ्ट संपेपर्यंत एवढंच.

जोडी एकदा बसली की कुणी ती मोडत नाही. समोरचीचा झटका आपल्या हाताला कळायला वर्ष जातं. नवरा बदलेन पण जोडीदारीण बदलणार नाही, असं तिथल्या बायका म्हणायच्या आणि स्वतःच खोखो हसायच्या.

थोरली आणि धाकटी ही त्यातली सगळ्यांत जुनी जोडी. सख्ख्या सोडा, लांबच्याही बहिणी नव्हत्या त्या. एक वयाने मोठी आणि दुसरी लहान, म्हणून लॉन्ड्रीने त्यांना ही नावं ठेवली आणि ती चिकटली. उंचीचा हिशेब मात्र उलटा होता. थोरली जेमतेम धाकटीच्या खांद्याला लागायची. दोघींनी चादर ताणून धरली की एक बाजू वर, एक खाली. मग ओल्या कपड्यांच्या गाड्या ढकलणारा पैलवान, जो नावाचाच पैलवान होता, फुंकर मारली तर पडेल असा, लांबूनच ओरडायचा, "अगं, चादर आहे का घसरगुंडी?"

"ये ना, बस," धाकटी म्हणायची, "असा ढकलते की थेट गटारात जाशील."

अशी होती धाकटी. तोंडाची फटकळ, हाताची चलाख, हसली की पलीकडच्या खोलीत कळावं. तिचा नवरा सामानाची गाडी चालवायचा, पण गाडी दुसऱ्याची, त्यामुळे काम आहे तर आहे, नाही तर नाही. मुलगी शाळेत. घर चालायचं ते धाकटीच्या हातांवर. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि थोरलीला तर जास्तच.

दुखणं सुरू झालं ते त्याच हातांतून. सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात. झोपेत हात अंगाखाली आला असेल, असं म्हणून धाकटीने सोडून दिलं. मग पेरं सुजली, लाल झाली. मनगट एवढं दुखायला लागलं की दाराची कडी काढताना डोळ्यांत पाणी यायचं. डोकं चांगलं म्हणून ती वेळेवर डॉक्टरकडे गेली, हे लक्षात ठेवा. हयगय तिने केली नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, हा संधिवात म्हातारपणाचा नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटलंय. पण औषध आहे. गोळ्या नेमाने घ्यायच्या, दर महिन्याला सकाळी येऊन रक्त तपासून घ्यायचं. "आत्ताची ही सुरुवातीची वर्षंच मोलाची," त्या म्हणाल्या. "आत्ता धरलं तर हात राहतील."

धाकटीने हे येऊन एका माणसाला सांगितलं. थोरलीला. चादर मधे होती, आणि दोघी चालत जवळ आल्या तेव्हा तिने कोपरे देता देता सांगितलं.

थोरली म्हणाली, "कुणाला बोलू नकोस."

आता तिला दोष देण्याआधी इस्त्रीवाल्याचं ऐका. त्या लॉन्ड्रीत एक इस्त्रीवाला होता, शर्टाची कॉलर अशी बसवायचा की बघत राहावं. त्याला फिट्स यायच्या. गोळ्या चालू होत्या, सगळं ताब्यात होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत, मशीनपासून लांब, तो बाकावरून खाली पडला. तेव्हाचे जुने साहेब धावत आले, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, तब्येत सांभाळा, आम्ही तुम्हाला हलकं काम देतो. हलकं काम म्हणजे कोठीत बसून हँगर निवडायचे. थोड्याच दिवसांत हँगर संपले, आणि काम नाही म्हणून इस्त्रीवाला घरी गेला. पुढे थोरलीला तो बाजारात भेटला, तेव्हा ओळखू आला नाही. पगार नाही म्हणून गोळ्या बंद, गोळ्या बंद म्हणून झटके वाढले, झटके वाढले म्हणून कुणी कामावर घेईना. सांगताना तो हसत होता बिचारा.

तेव्हापासून त्या लॉन्ड्रीत हलकं काम म्हटलं की बायका धसका घ्यायच्या. दुखणं दाराबाहेर ठेवून आत यायचं, हा अलिखित कायदा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. इथे धाकटीला मूठ मिटतच नव्हती, हा भाग वेगळा.

मग दोघींनी एक पद्धत काढली, आणि पद्धत अशी की बघणाऱ्याला वाटावं, या बायका मजेत आहेत. सकाळी थोरली लवकर यायची आणि संडासाच्या बाजूच्या आडोशाला धाकटीच्या एप्रनची बटणं लावून द्यायची. रुळातून निघालेल्या पहिल्या गरम चादरी धाकटी लगेच सोडायची नाही, हात त्यांच्या खाली घालून ठेवायची. ऊब लागली की बोटं जरा सैल पडायची. झटका थोरली द्यायची, दोघींचा. धाकटी कोपरा चिमटीत न धरता तळवे जुळवून, कधी मनगटाखाली दाबून धरायची. पुढे चालत धाकटीने यायचं असायचं, तर थोरलीच धावत जाऊन कोपरे घ्यायची, खाली वाकून घडीही तीच उचलायची, आणि एवढं करून जोक सांगायची. एका बाईचं शरीर दोघींचं काम करत होतं. थोरली घरी गेली की कंबर धरून आडवी पडायची, पण तिला त्याचा अभिमान वाटायचा. का वाटू नये? जीव लावला होता.

हळूहळू बाकीच्यांनाही कळलं. आतल्या गोष्टी किती दिवस लपणार! पण कुणी चकार शब्द काढला नाही. पैलवान घडीची चळत आपण होऊन उचलायचा. शेजारच्या टेबलावरच्या बायका मधेच दोन चादरी ओढून घ्यायच्या. सगळी लॉन्ड्री एक झाली होती, आणि थोरली-धाकटीच्या टेबलाचं काम पूर्वीसारखंच पहिलं यायचं.

राहिली महिन्याची तपासणी. ती सकाळीच असायची, आणि शिफ्टही सकाळची. दोनदा धाकटीने मुलीचं कारण सांगून रजा काढली. तिसऱ्या खेपेला थोरली म्हणाली, "अगं, दर महिन्याला त्याच सुमाराला रजा मागितलीस तर विचारतील ना, कशाला हवी? या महिन्यात राहू दे." त्या महिन्यात राहिलं, मग पुढच्या महिन्यात राहिलं. तपासणीशिवाय डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देईनात, म्हणून गोळ्याही राहिल्या. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून दुखणं थांबवायची गोळी थोरली स्वतः आणायची. आणि मेली ती गोळी लागू पडायची, हेच तर वाईट झालं. घेतली की तासाभरात धाकटी घोड्यासारखी उभी. पोटात जळजळायचं, पण हात चालायचे. दोघींना वाटायचं, चाललंय ना? मग चालू दे.

आत, सांध्यांच्या आत, काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

मग साहेब बदलले. नवे आले ते वयाने तरुण, चालताना शीळ घालायची सवय, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचे शिट्टीसाहेब झाले. बायकांनी त्यांच्याकडे बघायचं ते तिरक्या डोळ्यांनी. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. शिट्टीसाहेबांनी पंखे दुरुस्त केले, तरी बायका म्हणाल्या, बघू. खुर्च्या आणल्या, तरी म्हणाल्या, बघू.

एक दिवस त्यांनी थोरलीला बाजूला बोलावलं.

"मावशी, डाग तपासायचं नवं टेबल येतंय. काचेखाली दिवा, चादर आपोआप पुढे सरकणार. बसून नुसतं बघायचं आणि डाग दिसला की पायाने पट्टी दाबायची. हाताला काम नाही. शिफ्टही सकाळी नाही, दुपारी सुरू होईल." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमच्या जोडीदारणीला घडीचं काम जड जातं का? मला कधीकधी वाटतं. काही असेल तर सांगा, म्हणजे त्या जागेचा विचार करू."

थोरलीच्या कानांत एकच शब्द वाजला. हलकं काम. तिच्या डोळ्यांपुढे बाजारात हसणारा इस्त्रीवाला उभा राहिला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "तिला?" ती म्हणाली. "तिला काय धाड भरलीय साहेब? माझ्या दुप्पट काम करते ती. ठणठणीत आहे. कुणी काही सांगितलं असेल तर जळतात लोक."

शिट्टीसाहेबांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना मावशी?"

"देवाशप्पथ," थोरली म्हणाली.

परत टेबलापाशी आल्यावर धाकटीने विचारलं, काय म्हणत होते? थोरली म्हणाली, काही नाही, नव्या टेबलाचं काहीतरी. आणि चादर उचलली.

ती नुसती भीतीच होती का, हा प्रश्न थोरलीला पुढे फार छळायचा होता. कारण भीतीच्या शेजारी आणखी एक गोष्ट बसलेली होती. धाकटी खुर्चीवर गेली असती, तर आपल्यासमोर कोण? कुणीतरी नवखी, झटक्याचा ताल नसलेली, हसता न येणारी. एवढ्या वर्षांची जोडी! हा विचार त्या क्षणी आला होता की नाही, हे तिला कधीच नक्की सांगता आलं नाही. आला नव्हता असं मात्र तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

ती जागा टॉवेलच्या विभागातल्या एका बाईला मिळाली. तिचा पाय अपघातात मोडला होता, काठी घेऊन चालायची. थोरली वाट बघत राहिली, आता हिला काढतील, आता काढतील. काठीवालीला कुणी काढलं नाही. महिने गेले, ती आपली काचेपुढे बसून चादरी बघायची, पायाने पट्टी दाबायची, सकाळी व्यायामाच्या दवाखान्यात जाऊन आरामात कामावर यायची. पगार तोच. तब्येत सुधारली, गाल भरले. थोरलीच्या टेबलावरून ती खुर्ची सरळ दिसायची. रोज दिसायची. तेव्हा तरी थोरलीने जाऊन सांगायचं होतं, साहेब, माझी चूक झाली, आणखी कुठे सोय होते का बघा. पण एकदा देवाची शपथ घेऊन बसलेली बाई, कोणत्या तोंडाने जाणार? आज सांगू, उद्या सांगू, करत राहिली.

तोवर धाकटीची बोटं एका बाजूला कलायला लागली होती. आधी करंगळी, मग सगळीच, वाऱ्याने गवत कलावं तशी. गोळी आता लागू पडेना. एका सकाळी शिट्टीसाहेब मागेच उभे असताना तिच्या हातून चादर सुटली आणि ओल्या फरशीवर पडली. उचलायला वाकली, तर उचलता येईना. बोटं फरशीवर नुसती सरकत राहिली. थोरली धावली, पण साहेबांनी हाताने थांबवलं.

"हात दाखवा," ते म्हणाले.

धाकटीने दाखवले. मागे रूळ फिरत होते. शिट्टीसाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अहो, हे किती वर्षांचं आहे?" आणि फरशीवरची चादर त्यांनी स्वतः उचलली.

कंपनीच्या डॉक्टरांनी घडीच्या कामासाठी अपात्र म्हणून लिहून दिलं. दुसरी बसायची जागा नव्हती, होती तिच्यावर काठीवाली बसली होती, आणि तिला उठवावं असं कोण म्हणणार? बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. धाकटी घरी गेली. जाताना पैलवान रडला आणि तिने त्याला, "गप रे, माझ्या घरी काय चादरी नाहीत का?" म्हणून दटावलं.

ती गेल्यावर शिट्टीसाहेबांनी थोरलीला बोलावलं. ती खाली मान घालून उभी राहिली. आता बोलणी बसणार, बसू देत, असं तिने ठरवलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. नंतर त्यांनाही विचारलं होतं. दोघींनीही नाहीच सांगितलं. मी आणखी काय करायला हवं होतं, ते तरी सांगा."

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तिलाही विचारलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी थोरली तिच्या घरी गेली. जिने चढून वर दोन खोल्या. दाराच्या कडीला कापड गुंडाळून ती जाड केलेली. आत टेबलावर चमचे, सुरी, केसांचा ब्रश, सगळ्यांच्या दांड्यांना नवऱ्याने चिंध्या गुंडाळल्या होत्या, बायकोच्या तळव्यात मावाव्यात म्हणून. नवरा चहा ठेवायला उठला. मुलगी आईची वेणी अर्धी घालून शेजारी गेली होती, आणि ती अर्धी वेणी तशीच पाठीवर होती. थोरलीने न बोलता ती पुरी केली.

धाकटी बोलत होती, नेहमीसारखी, भरभरून. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा औषध सुरू केलं होतं. दुखणं निम्म्यावर आलं होतं. "पण वाकडं झालं ते आता वाकडंच राहणार म्हणाल्या. लवकर का नाही आलात, म्हणून ओरडल्या. मी म्हटलं, आले होते की! आणि कामासाठी दोन-तीन ठिकाणी जाऊन आले गं. तोंड बघायच्या आधी लोक हात बघतात. एकाने तर नमस्कार केला आणि मी जोडलेले वाकडे हात बघून म्हणाला, कळवतो." आणि ती हसली, पण पलीकडच्या खोलीत कळेल असं नाही.

थोरलीला राहवेना. "साहेबांनी तुला त्या खुर्चीचं विचारलं होतं?"

"हो," धाकटी म्हणाली.

"मग तू नाही का म्हणालीस?"

"अगं, ते म्हणाले, तुमच्या जोडीदारीण देवाची शपथ घेऊन सांगतात तुम्हाला काही त्रास नाही, हे खरं ना? आता मी काय बोलणार? ती खोटं बोलते, असं सांगू? रोज सकाळी माझी बटणं लावणारीला मी खोटी पाडू? साहेब नवे, त्यांचा स्वभाव कुणाला ठाऊक. फसवलं म्हणून तुलाच काढलं असतं तर?"

"काढलं असतं तर काढलं असतं!" थोरली म्हणाली. "तुला हवी होती ती खुर्ची?"

आपले हात धाकटीने मांडीवर उलटे ठेवले होते, ते सुलटे केले.

"हवी होती गं," ती म्हणाली. "फार हवी होती. पायाने करायचं काम, आणि सकाळ मोकळी. तपासणी चुकली नसती. घरी येऊन मी यांना सांगितलंसुद्धा होतं, मिळाली असती तर कसं झालं असतं ते."

आत कपांचा आवाज थांबला. नवरा ऐकत होता.

"अगं मग मला एकदा, एकदा तरी विचारायचं होतंस!" थोरली जवळजवळ ओरडलीच. "मी गेले असते साहेबांकडे, पाय धरले असते, खोटं बोलले म्हणून सांगितलं असतं. मला विचारायला काय झालं होतं तुला?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "तू मला विचारलं होतंस?"

थोरली आठवू लागली. बटणं लावली होती, झटके दिले होते, गोळ्या आणून दिल्या होत्या. रजा घेऊ नको हे आपणच ठरवलं होतं, साहेबांना उत्तरही आपणच देऊन टाकलं होतं. समोर बसलेल्या बाईला, बाई गं, तुला काय हवंय, एवढं विचारल्याचं तिला आठवेना. नवरा चहा घेऊन बाहेर आला आणि दोघींच्या मधे ठेवून गेला.

"नाही गं," थोरली म्हणाली. "नाही विचारलं."